मारामुरेशमधली गवतकापणी

ब्रेब गावातल्या पहिल्या सकाळी मला जाग आली ती लोखंडावर लोखंड आपटल्याच्या आवाजाने. त्या आवाजात घाई नव्हती. पाच-सहा हलके ठोके, मग क्षणभर उसंत, मग पुन्हा तितकेच ठोके, अशी ती लय अर्धा तास तरी चालली असावी. खिडकी उघडून पाहिले, तर समोरच्या आवारात सत्तरीचे एक गृहस्थ बुटक्या तिवईवर बसले होते. गवत कापायच्या लांब दांड्याच्या कोयत्याचे पाते त्यांनी ओंडक्यात रोवलेल्या लहानशा ऐरणीवर आडवे धरले होते आणि ते बोटभर बोटभर पुढे सरकवत हातोडीने त्याची कड पातळ करत होते. पाते संपले की ते उजेडात धरून पाहायचे आणि अंगठ्याने हळूच चाचपायचे. मनासारखे झाल्यावर ते उठले, कमरेच्या पट्ट्याला गाईचे शिंग अडकवले, त्यात थोडे पाणी ओतले आणि पाजवायचा दगड त्या पाण्यात सोडला. शेतात दर थोड्या वेळाने थांबून हा ओला दगड पात्यावरून फिरवायचा असतो, हे मला नंतर कळले.

ब्रेब हे रुमानियाच्या अगदी उत्तरेकडच्या मारामुरेश जिल्ह्यातले गाव. तीसा नदीपलीकडे युक्रेन सुरू होतो. युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम ही नावे ठरलेली असतात. त्यांपैकी दोन सहली मी केल्या आहेत आणि त्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र या खेपेला आम्ही आठ जणांनी ठरवून असा भाग निवडला होता, जिथे रांगा नाहीत, तिकिटासाठी पहाटे उठावे लागत नाही आणि जिथल्या माणसांना आपल्याशी बोलायला सवड असेल. जूनचा तिसरा आठवडा होता. विमानाने क्लूजला उतरायचे, तिथून एक स्थानिक वाटाड्या आणि एक लहान गाडी घेऊन सात दिवस फिरायचे आणि पूर्वेला बुकोविनातल्या सुचावा शहरातून परतायचे, असा बेत होता.

आमचा वाटाड्या पस्तिशीचा, त्याच खोऱ्यात जन्मलेला. पहिल्याच दिवशी गाडीत बसताना त्याने आम्हाला एक अभिवादन शिकवले. शेतात किंवा अंगणात कोणी काम करताना दिसले की ‘स्पोर ला लुक्रु’ म्हणायचे, म्हणजे तुमच्या कामाला बरकत येवो. तो म्हणाला, “नमस्काराचा शब्द विसरलात तरी चालेल, पण काम करणाऱ्या माणसाजवळून हे न म्हणता जाऊ नका.” पुढच्या सात दिवसांत हे तीन शब्द मी इतक्या वेळा उच्चारले की त्यांच्या ओघात रुमानियन उच्चारही थोडेफार जिभेवर बसले. आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस हातातले काम थांबवून, मान वर करून, नीट आमच्याकडे पाहायचा. गर्दीच्या शहरात पर्यटक सगळे पाहतो, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. इथे आम्हीही दिसत होतो. आम्ही कुठून आलो, शेती आहे का, गुरे किती, मुले कुठे असतात, हे सगळे त्यांना जाणून घ्यायचे असे, आणि त्याची उत्तरे देताना मला माझ्या संगमेश्वर तालुक्यातल्या गावाची आठवण वरचेवर येत राहिली.

गवत हा मारामुरेशचा जीव आहे. हिवाळ्यात गुरे महिनोन्‌महिने गोठ्यात बांधलेली असतात आणि त्यांना लागणारी सगळी वैरण उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत कापून, वाळवून, रचून ठेवावी लागते. उतारांवरच्या कुरणांत यंत्र चालत नाही, म्हणून हातानेच कापणी. अशा कापणीमुळे आणि रासायनिक खते फारशी न पडल्यामुळे त्या कुरणांत गवतापेक्षा फुलेच जास्त वाटतात: जांभळी, पिवळी, पांढरी, गुडघाभर उंच. सकाळी दव असते तेव्हा पात्याला गवत सोपे जाते, म्हणून पुरुष पहाटेच निघतात. दुपारी बायका लाकडी दाताळ्यांनी कापलेले गवत उलटे करतात, आणि पावसाचे ढग दिसले तर घरातली आजारी माणसे सोडून सगळे कुरणात धावतात.

गंजी रचताना मी पाहिली ती शेजारच्या त्याच गृहस्थांच्या कुरणात. जमिनीत एक उंच खांब रोवलेला होता. त्याच्या पायाशी फांद्यांचा थर घातला होता, म्हणजे गवताला खालची ओल लागत नाही. खांबाभोवती एक बाई उभी राहून गोल गोल फिरत गवत तुडवत होती आणि खालून पुरुष काट्याने गवताचे भारे वर देत होते. गंजी वाढेल तशी बाई वर चढत गेली. शेवटी ती जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, एका हाताने खांब धरून, अगदी निमुळत्या टोकावर उभी होती, आणि तिथून ती खालच्यांना सांगत होती की डावीकडे पोट कमी आहे, तिकडे अजून द्या. आमच्याकडे भाताच्या उडव्या रचताना माझी आजी असेच वरून ओरडायची. तिचे शब्द वेगळे होते, स्वर हाच होता. मी वाटाड्याला हे सांगितले आणि त्याने ते वर उभ्या असलेल्या बाईंना सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग उभ्या का राहिल्या आहेत? दाताळे घ्या.” आम्ही चौघींनी दोन तास दाताळे चालवले. माझ्या तळहाताला दोन फोड आले आणि ते पुण्याला पोचेपर्यंत टिकले.

त्या दिवशी कार्यक्रमात खरे तर विशेउ दे सुस इथली जंगलातली अरुंद रुळांची आगगाडी होती. वासेर नदीच्या खोऱ्यात लाकूड वाहून आणण्यासाठी गेल्या शतकात घातलेला तो मार्ग अजून चालू आहे आणि वाफेच्या इंजिनाने पर्यटकांनाही नेतो. आमच्यातले चौघे गेले आणि खूश होऊन परतले. मार्गदर्शकासोबतच्या सहलीला पुष्कळ जण नाके मुरडतात, कारण तिथे सगळे आधीच ठरलेले असते. पण आमच्या वाटाड्याने त्या सकाळी दोन फोन करून आमची विभागणी केली, शेजाऱ्याला विचारले आणि आम्हाला कुरणात नेऊन सोडले. भाषा येत नसलेल्या मुलखात कोणाच्याही कुंपणाच्या आत आपल्याला असे एकट्याने जाता येत नाही. तो नसता, तर मी त्या गंजीचा रस्त्यावरून फोटो काढला असता आणि पुढे गेले असते.

मारामुरेशची ओळख जगाला आहे ती लाकडी चर्चमुळे. इथल्या आठ चर्चना युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांपैकी शुर्देश्त इथल्या चर्चचा मनोरा ५४ मीटरांचा आहे. खाली उभे राहून मान मागे टाकली की तो आभाळात घुसवलेल्या दाभणासारखा दिसतो. पण मला देसेश्तचे चर्च अधिक भावले. ओकच्या ओंडक्यांच्या भिंती, एकमेकांत खाचा घालून बसवलेले कोपरे, आणि वर फळ्यांच्या पातळ कापट्यांचे, आपल्या कौलांसारखेच एकावर एक सरकवलेले छप्पर. आत शिरताना वाकावे लागते. डोळे अंधाराला सरावले की भिंतींवर १७८० मध्ये काढलेली चित्रे हळूहळू उमटू लागतात. ओंडक्यांमधल्या फटींवर कापडाच्या पट्ट्या चिकटवून, त्यांवर रंग दिलेला आहे. काही ठिकाणी पट्टी सुटली आहे आणि संताच्या चेहऱ्याच्या मधोमध लाकूड दिसते. चर्चची किल्ली शेजारच्या घरातल्या बाईंकडे असते. आम्ही गेलो तेव्हा त्या वालाच्या आळ्यात खुरपत होत्या. हात धुऊन, डोक्याला रुमाल बांधून त्या आल्या, दार उघडले, आणि आम्ही आत असेपर्यंत कोपऱ्यात शांत उभ्या राहिल्या. आम्हाला हवा तितका वेळ त्यांनी दिला. त्यांचे आळे मात्र तसेच राहिले होते, याची मला बाहेर आल्यावर आठवण झाली.

कोसाउ नदीच्या काठी सर्ब नावाचे गाव आहे. तिथे एका घराच्या मागे पाण्यावर चालणारी एक जुनी सोय अजून वापरात आहे. तिला ‘व्हल्तोआरे’ म्हणतात, म्हणजे भोवरा. जाड फळ्यांचे, वर रुंद आणि खाली निमुळते होत गेलेले एक प्रचंड पिंप जमिनीत बसवलेले आहे. नदीचे पाणी लाकडी पन्हळीतून उंचावरून त्यात तिरपे पडते आणि आत गरगर फिरू लागते. आजूबाजूच्या गावांतल्या बायका घरच्या लोकरीची जाड पांघरुणे, गालिचे इथे आणून या भोवऱ्यात सोडतात. साबण नाही, घासणे नाही. पांघरूण पाण्यात ओढले जाते, तळाशी जाते, पुन्हा वर येते, आणि तासन्‌तास असे फिरत राहिल्यावर त्याची लोकर फुलून मऊ होते. आमच्या घरी घोंगडी होती. भिजलेली घोंगडी दोघांनी धरून पिळायची म्हणजे काय असते, हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या पिंपाच्या काठावर मी बराच वेळ उभी राहिले. लाल-काळ्या पट्ट्यांचे एक पांघरूण पाण्यात फिरत होते. ते वर आले की लाल पट्टा झळकायचा आणि मग फेसात बुडून जायचा.

सपन्त्साच्या रंगीत दफनभूमीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि मारामुरेशमध्ये गर्दी म्हणावी अशी काही असेल तर ती तिथेच. स्टान इओन पात्राश या सुताराने १९३५ पासून इथल्या कबरींवर निळ्या रंगाचे लाकडी क्रूस कोरायला सुरुवात केली. प्रत्येक क्रूसावर गेलेल्या माणसाचे चित्र आणि खाली त्याच्याच तोंडी घातलेल्या ओळी. मला तिथे एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. चित्रात बहुतेक माणसे काम करताना दिसतात. कोणी सूत कातते आहे, कोणी मेंढ्या हाकतो आहे, कोणी नांगर धरला आहे, कोणी ट्रॅक्टरवर आहे. त्या गावाने आपल्या माणसाची आठवण त्याच्या कामातून ठेवली.

जवळच्या सीगेत शहरात दोन जागा पाहिल्या. एक म्हणजे नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले लेखक एली वीझेल यांचे जन्मघर. १९४४ मध्ये या शहरातल्या ज्यूंना गाड्यांमध्ये कोंबून आउशवित्झच्या नाझी छळछावणीत नेले, त्यांत पंधरा वर्षांचे वीझेल आणि त्यांचे कुटुंब होते. दुसरी जागा म्हणजे १९५० ते १९५५ या काळात कम्युनिस्ट राजवटीने जुने मंत्री, बिशप, विद्वान यांना डांबलेला तुरुंग, जो आता स्मारक झाला आहे. माजी पंतप्रधान यूलिऊ मानिऊ इथेच १९५३ मध्ये मरण पावले. वाटाड्या तुरुंगाच्या दारापाशीच थांबला. तो म्हणाला, “मी आत खूप वेळा आलो आहे. आज तुम्ही जाऊन या.” त्यानंतर संध्याकाळपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

ब्रेबमध्ये आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाई साठीच्या पुढच्या. वाटाड्या त्यांना मावशी या अर्थाच्या शब्दाने हाक मारायचा, म्हणून आम्हीही मावशी म्हणू लागलो. घर जुने, लाकडी, पुढे आमच्या कोकणातल्या पडवीसारखी लांब पडवी. दिंडीदरवाजावर ओकमध्ये कोरलेला पिळाच्या दोराचा नक्षीपट्टा आणि सूर्य. अंगणातल्या एका सुक्या झाडाच्या फांद्यांवर रंगीत भांडी टांगलेली होती. घरात लग्नाची मुलगी आहे हे सांगायला पूर्वी अशी भांडी टांगत. आता बहुतेक घरांतून ती शोभेसाठीच असतात, हे मावशींनी स्वतःच सांगितले.

आमच्यातल्या तिघी मांसाहार करत नाहीत. पहिल्या रात्री हे सांगताना आम्हाला जरा संकोच वाटत होता. मावशींनी मात्र लगेच मान डोलावली. संत पीटर आणि पॉल यांच्या सणाआधीचा उपवास चालू होता आणि त्या स्वतःच मांस, अंडी, दूध, चीज यांतले काही खात नव्हत्या. मग त्यांनी टेबलाचे दोन भाग केले. एकीकडे कुस्करलेला घेवडा, मशरूम, तांदूळ भरून उकडलेल्या कोबीच्या गुंडाळ्या, असे उपवासाचे. दुसरीकडे चीज आणि आंबट साय. मधोमध मामालिगा. मक्याच्या पिठाची ती घट्ट उकड त्यांनी लाकडी पाटावर उपडी केली आणि तिचे तुकडे सुरीने नव्हे, तर ताणून धरलेल्या दोऱ्याने केले. आमच्यासाठी चीजचे ताट पुढे सरकवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आग्रह होता, तो मी उपवासाच्या दिवशी पाहुण्यांना पुरणपोळी वाढणाऱ्या माझ्या आईच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

गावात फिरताना मला सुरुवातीला फार समाधान वाटत होते. गाड्या नाहीत, दुकाने मोजकी, रस्त्यावर गाय निघाली तर आम्हीच बाजूला व्हायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाटाड्याला म्हटले की इतकी शांतता मी कुठेच अनुभवली नाही. त्याने मला हाताने खूण करून रस्त्यालगतची घरे दाखवायला सुरुवात केली. जुन्या लाकडी घरांच्या मधून मधून सिमेंटची दुमजली, तिमजली, चकचकीत रेलिंगची नवी घरे होती आणि त्यांच्या खिडक्यांची झडपे बंद होती. हे इटलीत आहेत, हे स्पेनमध्ये, हे दोघे भाऊ जर्मनीत, असे तो सांगत गेला. १९९२ मध्ये रुमानियाची लोकसंख्या २ कोटी २८ लाख होती, ती २०२१ च्या जनगणनेत १ कोटी ९० लाख भरली. २००७ मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि बाहेर कामाला जाण्याची वाट अधिकच मोकळी झाली. एकट्या इटलीत १० लाखांहून अधिक रुमानियन राहतात. वाटाड्याने स्वतःही दोन हंगाम स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडली होती. तो म्हणाला, “ऑगस्टमध्ये या. मेरीमातेच्या सणाला सगळे परत येतात. मग या रस्त्यावर गाडी लावायला जागा नसते.”

मला आमची वाडी डोळ्यांसमोर आली. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा कुलपे निघतात, पडव्या झाडल्या जातात, आठवडाभर रात्री बाराला सुद्धा आरत्यांचा आवाज असतो, आणि मग पुन्हा सगळे बंद. आमच्या वाडीला येणारे शहरातले पाहुणेसुद्धा म्हणतात की इथे किती शांत आहे. त्यांना मी आजवर कधी काही उत्तर दिले नव्हते. ज्या शांततेसाठी मी पैसे भरून इतक्या दूर आले होते, तिच्यात या गावाच्या मुलांची गैरहजेरी मिसळलेली होती, हे कळल्यावर मला ती पूर्वीसारखी नुसती सुखाची वाटेना.

तिसऱ्या रात्री जेवणानंतर मावशी आमच्यासोबत पडवीत बसल्या. साडेनऊ वाजून गेले तरी आभाळात उजेड होता. त्यांची मुलगी बारा वर्षांपासून इटलीत आहे. तिथे ती एका नव्वदीच्या बाईंची देखभाल करते, त्यांच्याच घरी राहते. तिचा मुलगा शाळेत जायचे वय होईपर्यंत इथे मावशींकडेच होता. मावशी हे सगळे सरळ सांगत होत्या, त्यात गाऱ्हाणे नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “तुमची आई आहे का?” मी म्हटले, आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, गावच्या घरी असते, तिला पुण्यात करमत नाही. “तिच्याजवळ कोण आहे?” मी सांगितले की एक बाई ठेवली आहे, चांगली आहे, दोन वर्षे झाली. वाटाड्याने भाषांतर केले. मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “आणि त्या बाईची मुले कोणाकडे असतात?”

तिला एक मुलगी आहे आणि ती आजीकडे राहते, इतके मला माहीत होते. कितवीत आहे, तिला आई किती दिवसांनी भेटते, हे मला सांगता आले नाही. मी जे ठाऊक होते ते सांगितले. मावशींनी मान हलवली, माझ्या हातावर हात ठेवला आणि उठून आत गेल्या. सकाळी निघताना त्यांनी माझ्या हातात लोकरीचे मोजे दिले, आईसाठी. कोकणात लोकरीचे मोजे कुठे लागणार, पण मी ते नाकारले नाहीत.

त्यानंतर आम्ही १,४१६ मीटर उंचीच्या प्रीस्लोप खिंडीतून पलीकडे बुकोविनात उतरलो. तिथले मठ खरोखर थोर आहेत आणि त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवे. वोरोनेत्सचे चर्च मोल्दाव्हियाचा राजा स्टेफान याने १४८८ मध्ये चार महिन्यांच्या आत उभे केले आणि १५४७ मध्ये त्याच्या बाहेरच्या भिंती चित्रांनी मढवल्या गेल्या. पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायाचा देखावा आहे, आणि त्याच्या पार्श्वभूमीचा निळा रंग जवळजवळ पावणेपाचशे वर्षे उन्हात उघडा असून अजून डोळ्यांत भरतो. उत्तरेची भिंत मात्र वारापाऊस खाऊन पुसट झाली आहे. तिथे चेहरे नाहीत, काही ठिकाणी फक्त बाह्यरेषा राहिल्या आहेत. बाकीचे सगळे पश्चिमेच्या भिंतीसमोर फोटो काढत असताना मी उत्तरेच्या बाजूला गवतात बसले. तिथे दुसरे कोणीच नव्हते.

सुचावाच्या हॉटेलात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते, म्हणजे घरी रात्रीचे आठ. मी गावी फोन लावला. आईजवळच्या बाईंनीच तो उचलला आणि सवयीप्रमाणे सांगायला सुरुवात केली की आजींनी जेवण केले, गोळ्या घेतल्या, आज पाय दुखत नाहीत. मी त्यांना थांबवून विचारले, “तुमची मुलगी कशी आहे? शाळा सुरू झाली का तिची?” पलीकडे पावसाचा आवाज येत होता. त्या क्षणभर बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “झाली ना ताई, पंधरा तारखेलाच झाली. सातवीत गेली. रेनकोट तेवढा घ्यायचा राहिलाय. जुना आता तिला आखूड होतो.”